पुरातला ऊस रडारला कसा दिसतो

ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णा 57 फुटांवर गेली, तेव्हा वरून साधे फोटो काढणाऱ्या उपग्रहांना ढगांशिवाय फारसे काही दिसत नव्हते. आपल्याकडची ही जुनीच अडचण. पाण्याची खरी धावपळ ज्या चार महिन्यांत चालते, नेमके तेव्हाच आभाळ भरलेले. पूर कुठवर पसरला, हे सांगायला कामी आले ते रडार उपग्रह.

रडारला उजेड लागत नाही. तो स्वतःच सूक्ष्मलहरी खाली सोडतो आणि त्यातल्या किती परतल्या ते मोजतो. युरोपच्या सेंटिनेल-1 ची लहर सुमारे साडेपाच सेंटिमीटरची. तिला ढग अडवत नाहीत. लहरी तिरप्या पडतात. संथ पाण्यावरून त्या पलीकडे निसटतात, म्हणून चित्रात पाणी काळे उमटते. काळे तेवढे पाणी, इतके हे सोपे असते तर काय हवे होते! वाऱ्याने तरंग उठले की तेच पाणी उजळते, आणि कोरडी डांबरी धावपट्टीही काळी दिसते.

कृष्णा-वारणाकाठी तर उसाचा घोळ आहे. शेतात पाणी शिरले आणि ऊस उभाच राहिला, तर लहर पाण्यावर आणि कांड्यांवर अशी दोनदा आपटून सरळ माघारी येते. बुडालेले शेत मग कोरड्या शेताहून उजळ दिसू शकते. फड दाट असला तर आखूड लहर वरच्या पानांतच अडकते आणि खालच्या पाण्याचा पत्ता लागत नाही. केवळ असा नकाशा बघून कोणी पंचनामे उरकले, तर शेतकरी बुडालाच.

30 जुलै 2025 ला श्रीहरिकोट्याहून गेलेल्या ‘निसार’कडून म्हणूनच अपेक्षा आहेत. इस्रो आणि नासाच्या या उपग्रहाची एक लहर 24 सेंटिमीटरची, पानांतून बरीच खाली उतरणारी. मातीतली ओलही तिला कळते, कारण ओली माती कोरडीपेक्षा जास्त लहरी परत पाठवते. दर 12 दिवसांत तो एका जागेवरून दोनदा जातो. पेरणीच्या दिवसांत हे मोलाचे. पुराचा माथा मात्र तेवढा वेळ थांबत नाही.

पाण्याची उंची मोजणारा उपग्रह वेगळा. नासा आणि फ्रान्सचा ‘स्वॉट’ डिसेंबर 2022 पासून वर आहे. त्याच्या 10 मीटर लांब दांड्याच्या दोन टोकांना दोन अँटेना आहेत. परतलेली लहर दोन्हींकडे किंचित मागेपुढे पोचते, त्यावरून उंचीचा हिशेब होतो. 100 मीटरपेक्षा रुंद नद्या आणि साधारण पंधरा एकरांपासूनचे तलाव तो मोजतो. जोराच्या पावसात त्याची आखूड लहर कमजोर पडते, हे खरे. पण नदीच्या पाण्याचा उतार तो एकाच फेरीत टिपतो, आणि अलमट्टी धरणामागच्या पाण्याच्या फुगवट्यावरून महाराष्ट्र-कर्नाटकात चाललेल्या भांडणात कळीचा मुद्दा उतारच आहे. या नोंदी कोणालाही फुकट मिळतात, दोन्ही राज्यांच्या पाटबंधारे खात्यांनाही.