तोंड सोलणारी बाटली

तुळशीचे लग्न लागले की आपल्या कऱ्हाकाठी आणि नीराकाठी सोयरिकींची बोलणी सुरू होतात. शिवारात ऊसतोड चालू असते, कारखान्याचे बिल यायचे असते, आणि घरातल्या उपवर मुलीला एकच घोर लागलेला असतो, तोंडावरचे डाग कधी जातील. पूर्वी अशा वेळी डाळीचे पीठ आणि साय निघायची. आता मोबाइलवर मागवलेली बोटभर बाटली निघते. तिला केमिकल पील म्हणतात. पील म्हणजे सोलणे. लावायचे, दहा मिनिटांनी धुवायचे, जुनी कातडी निघून खालून नवी येते, असे जाहिरातीतली बाई सांगते.

ताईंनो, वहिनींनो, मी शेतीखात्याचा माणूस. तोंडाला काय लावावे हे सांगणे माझे काम नव्हे. पण गावोगाव फिरताना गालावर भाजल्यासारखे चट्टे पडलेल्या, ओढणीने तोंड झाकून बसलेल्या मुली दिसल्या. त्यांच्या बाटल्या हातात घेऊन वाचल्या, तर त्यावरचे शब्द माझ्या ओळखीचे निघाले. तेव्हा गप्प बसवेना.

बाटलीत असते आम्ल, म्हणजे अ‍ॅसिड. ग्लायकॉलिक आम्ल उसाच्या रसात असते, लॅक्टिक दह्यात, टार्टारिक द्राक्षात, सायट्रिक लिंबात. म्हणजे सगळा आपल्याच शिवारातला माल. म्हणून मुली म्हणतात, "काका, उसाचंच तर आहे, त्यानं काय होतंय?" बाटलीवर उसाचे चित्रही असते. खरे तर त्यातले बहुतेक आम्ल कारखान्यात रसायनांपासूनच बनवतात. पण ते सोडा. उसाचे असले तरी प्रश्न प्रमाणाचा आहे. दह्यात लॅक्टिक आम्ल शेकडा एकाच्या आसपास असते. या बाटल्यांत आम्ल ३० टक्के, ५० टक्के, काहींत ७० टक्केसुद्धा असते.

तुम्ही माती परीक्षण करून घेता. त्या पत्रिकेत सामू लिहिलेला असतो. सात म्हणजे मध्यम, त्याच्या खाली आम्ल. आपल्या कातडीचा सामू साधारण पाच असतो. तीव्र पीलचा सामू दोनच्या आसपास, कधी त्याहूनही खाली असतो. पाच आणि दोन यांत तीनचाच फरक दिसतो, पण सामू एकाने उतरला की आम्लता दहापट वाढते. तीनने उतरला की हजारपट. ठिबकच्या नळ्या आम्लाने धुताना घरधनी हातमोजे घालतो, डोळ्याला चष्मा लावतो, पोराला लांब उभे करतो. आणि त्याच घरात मुलगी आरशासमोर बसून तसलेच आम्ल कापसाने डोळ्याखाली लावते.

कातडीच्या सगळ्यात वरच्या थरात मेलेल्या पेशी एकीला एक चिकटून असतात. आम्ल तो चिकटपणा सोडवते आणि वरचा पापुद्रा सुटतो. तज्ज्ञ डॉक्टर हे औषध कातडी पाहून, प्रमाण ठरवून, घड्याळ लावून वापरतात आणि कुठे थांबायचे हे त्यांना कळते. घरी कोण थांबवणार? ट्रायक्लोरोअ‍ॅसिटिक नावाचे आम्ल तर आणखी कडक. दुधात लिंबू पिळल्यावर दूध नासते, तशी त्याने कातडीतली प्रथिने गोठतात आणि लावलेली जागा पांढरी पडते. तेही ऑनलाइन मिळते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जुलै २०२४ मध्ये लोकांना जाहीर इशारा दिला, की असले तीव्र पील डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय विकत घेऊ नका आणि वापरूही नका. तिथल्या तज्ज्ञ समितीने घरगुती वापराच्या मालात ग्लायकॉलिक आम्ल १० टक्क्यांवर नसावे आणि सामू साडेतीनच्या खाली नसावा, अशी मर्यादा घातलेली आहे.

इंदापूर तालुक्यातल्या एका घरी हळदीला बारा दिवस राहिले असताना मुलीने अशी बाटली लावली. आग होऊ लागली, तर मैत्रीण म्हणाली, "आग होतीय म्हणजे लागू पडतंय." मुलीने दात दाबून आणखी पाच मिनिटे काढली. सकाळी दोन्ही गालांवर फोड. लग्न झाले, पण फोटोत तिने मान वर केली नाही, असे तिची आई सांगत होती. फोड आठवड्यात बरे झाले, काळे डाग मात्र सहा महिने राहिले.

डाग का राहिले, हे समजून घ्या. आपल्या सावळ्या कातडीत रंगद्रव्य भरपूर असते. ते उन्हापासून आपले रक्षण करते. पण कातडी भाजली, सोलली, सुजली, की त्याच जागी ते जास्त तयार होते आणि डाग काळा पडतो. त्यातून आपल्या बायकांचा दिवस जातो उन्हात. सोललेल्या कातडीला ऊन दुप्पट लागते. डॉक्टर पील करतात तेव्हा पुढे कित्येक दिवस ऊन टाळायला सांगतात, सनस्क्रीन देतात. खुरपायला जाणाऱ्या बाईला ते कसे जमावे? नुसता लिंबाचा रस तोंडाला लावून उन्हात गेले तरी फोड आणि काळे चट्टे येतात, कारण लिंबाच्या सालीतली आणि रसातली काही द्रव्ये ऊन लागताच कातडी जाळतात.

गोरे करणाऱ्या बिननावाच्या मलमांचे प्रकरण तर याहून वाईट. पीलने आग झाली की मुली तेच मलम वरून चोळतात. पुष्कळ मलमांत स्टेरॉइड असते. आठ दिवस तोंड छान दिसते, मग कातडी पातळ होते, लाल शिरा दिसतात, पुटकुळ्या उठतात. म्हणूनच २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी स्टेरॉइडची मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. आणि अकोल्याची बातमी आठवते का? २०२३ च्या सुरवातीला वर्तमानपत्रांत आली होती. एक कॉलेजात शिकणारी मुलगी, तिची आई आणि बहीण अशा एकाच घरातल्या तिघी पार्लरमधून आणलेले मलम लावत होत्या. तिघींच्या मूत्रपिंडांना इजा झाली. मुंबईच्या केईएम रुग्णालयात शोध घेतला तेव्हा त्या मलमात पारा निघाला. लावले तोंडाला, गेले मूत्रपिंडात.

वडीलधाऱ्या मंडळींनी नव्या पोरींना नावे ठेवू नयेत. चामखीळ किंवा गोंदण काढायला चुना आणि धुण्याचा सोडा ओला करून लावायची आपली जुनी चाल काय आहे? ते दोन्ही एकत्र आले की कॉस्टिक सोडा तयार होतो. तो आम्लापेक्षाही खोल जाळत जातो. बिब्ब्याचेही तेच, त्याचे तेल अंगावर उतले की आठवडाभर फोड. ही सोलण्याची घरगुती औषधेच होती, फक्त बाटली नव्हती.

कुणी लावलेच आणि आग झाली, तर एक क्षण न दवडता नळाखाली किंवा तांब्याने स्वच्छ गार पाणी सोडा, वीस मिनिटे तरी. खाण्याचा सोडा, हळद, तूप, टूथपेस्ट, काहीही लावू नका. डोळ्यात गेले असेल तर पापण्या उघड्या धरून धुवा आणि लगेच दवाखाना गाठा. फोड फोडू नका, खपली ओढू नका, बरे होईपर्यंत पदर किंवा टोपीशिवाय उन्हात जाऊ नका. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय या वाटेला जाऊच नये. मुरमांसाठी गोळ्या चालू असतील किंवा ओठावर जर उठली असेल, तर तेही डॉक्टरांना आधी सांगावे.

वांग किंवा मुरमांचे डाग यांवर इलाज आहे. तो सावकाश होतो आणि त्वचारोगतज्ज्ञच करतात. बारामतीत आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, त्यासाठी पुण्याला ससूनपर्यंत जायलाच पाहिजे असे नाही. जाताना तोंडाला जे जे लावले ते सगळे, रिकामी बाटली असली तरी, वेष्टणासकट पिशवीत घालून न्या. फवारणीच्या औषधाने विषबाधा झाली की आपण डबा बरोबर नेतो, तसेच. आत काय होते हे कळले की डॉक्टरांचे अर्धे काम तिथेच होते.