बदलणारा डेटा कुठे ठेवायचा?

मागच्या भागात आपण लिनक्सवर सॉफ्टवेअर कसं बसवायचं ते बघितलं. आजचा प्रश्न त्याच्या पुढचा: बसवलेला प्रोग्रॅम रोज जे लिहीत जातो, ते कुठे ठेवायचं?

समजा, सावद्याच्या एका केळी व्यापाऱ्यासाठी कॉलेजच्या मुलांनी हिशेबाचा प्रोग्रॅम लिहिला. कोणत्या शेतकऱ्याचा किती क्विंटल माल, भाव काय लागला, उचल किती, बाकी किती. या नोंदी त्यांनी प्रोग्रॅमच्याच फोल्डरमध्ये ठेवल्या, कारण ते सोपं. चार महिने काही बिघडत नाही. मग नवी आवृत्ती येते, कोणीतरी जुनं फोल्डर काढून नवं टाकतो, आणि शेतकऱ्यांची बाकी त्याच्यासोबत जाते. प्रोग्रॅम पुन्हा लिहिता येईल हो, पण कोणाची किती बाकी होती ते कुठून आणणार?

धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळासारख्या ठिकाणी जुनी कागदपत्रं जपलेली असतात. त्या कागदांवर कोणी पेनाने लिहीत नाही. कोणी काय वाचायला घेतलं, त्याची वही वेगळी असते. लिनक्सचा विचार हाच. प्रोग्रॅम राहतो /यूएसआर मध्ये, आणि तिथे फक्त पॅकेज बसवणाऱ्याने हात लावायचा. सेटिंग /ईटीसी मध्ये. बदलणारं सगळं /व्हार मध्ये. व्हार म्हणजे व्हेरिएबल, बदलतं.

ही विभागणी उगाच नाही झाली. सन कंपनीच्या १९८८च्या सनओएस ४ मध्ये डिस्क नसलेली अनेक मशीन नेटवर्कवरून एकच /यूएसआर वापरायची. सगळ्यांची सामाईक गोष्ट कोणी एकाने बदलून कशी चालेल? म्हणून बदलणारा भाग बाजूला काढला. लिनक्ससाठी याचे नियम पहिल्यांदा फेब्रुवारी १९९४ मध्ये लिहिले गेले. सध्याची ३.० आवृत्ती २०१५ची आहे.

आता /व्हारच्या आत कुठे? आम्ही स्वतःला एकच प्रश्न विचारतो: हे गेलं तर काय होईल? पुन्हा तयार करता येत असेल तर /व्हार/कॅश. (पैशाची नव्हे!) काय घडलं त्याची रोजची नोंद असेल तर /व्हार/लॉग. रांगेत थांबलेलं काम, जसं प्रिंटरकडे जायचे कागद, ते /व्हार/स्पूल. आणि गेलं तर परत येणारच नाही, अशी प्रोग्रॅमची स्वतःची माहिती /व्हार/लिब मध्ये, प्रोग्रॅमच्या नावाच्या फोल्डरात. केळीचा हिशेब इथे. /टेम्प मध्ये मात्र काही जपून ठेवू नका. कित्येक मशीनवर लाइट गेली की ते रिकामं होतं, आणि आपल्याकडे लाइट किती वेळा जाते ते सांगायला नको.

चांगलं उदाहरण बघायचं तर ग्रंथालयांचं कोहा बघा. न्यूझीलंडमध्ये तयार झालेलं हे मोफत सॉफ्टवेअर आपल्याकडच्या कॉलेजांतही वापरतात. डेबियनवर पॅकेजमधून बसवलं की प्रोग्रॅम /यूएसआर/शेअर/कोहा मध्ये जातो, सेटिंग /ईटीसी/कोहा मध्ये. सभासद आणि पुस्तकांची देवघेव डेटाबेसमध्ये, म्हणजे /व्हार/लिब/मायएसक्यूएल मध्ये. शोधाची सूची /व्हार/लिब/कोहा मध्ये. त्यामुळे कोहा अपडेट करताना देवघेवीच्या नोंदींवर पॅकेज फिरत नाही.

कोहा रोजचा बॅकअपही घेतं, तो /व्हार/स्पूल/कोहा मध्ये पडतो. इथे जरा थांबू. नेहमीच्या सेटिंगमध्ये फक्त दोन दिवसांचे बॅकअप राहतात, आणि तेही बहुतेक वेळा त्याच डिस्कवर. शुक्रवारी काही बिघडलं आणि सोमवारी लक्षात आलं, तर चांगली प्रत शिल्लक नसते. डिस्क गेली तर मूळही गेलं आणि बॅकअपही. म्हणून ती फाइल रोज दुसऱ्या मशीनवर न्यायलाच हवी.

अजून एक सवय दिसते. प्रोग्रॅमला आपल्या फोल्डरमध्ये लिहिता येत नाही, म्हणून सगळ्यांना ७७७ परवानगी देऊन टाकायची. असं करू नका. मग वेबवरून घुसलेला माणूस तुमचा प्रोग्रॅमच बदलू शकतो. सर्व्हिस सिस्टमडीखाली चालत असेल तर तिच्या फाइलमध्ये 'स्टेटडिरेक्टरी' अशी एक ओळ टाका. /व्हार/लिब मधलं फोल्डर योग्य मालकाच्या नावाने आपोआप तयार होतं. प्रोग्रॅम एकट्याच्या वापराचा असेल तर /व्हार नकोच. त्याच्या होम फोल्डरमधलं .लोकल/शेअर पुरतं.

आणि प्रोग्रॅम आधीपासूनच चुकीच्या जागी लिहीत असेल तर? आधी तो बंद करा. चालू डेटाबेसची फाइल तशीच उचलली तर अर्धवट प्रत हाती येते. मग मालक आणि परवानग्या जपत डेटा /व्हार/लिब मध्ये कॉपी करा, सेटिंगमध्ये नवा पत्ता लिहा, प्रोग्रॅम सुरू करून एक नवी नोंद टाका आणि ती कुठे उमटली ते स्वतः बघा. जुन्या फोल्डरचं नाव बदला आणि आठवडाभर ते राहू द्या.