मसियाकासॉरसची दंतरचना व आहारसवयी : एक विवेचन

प्रस्तावना :
मांसाहारी डायनासोर म्हटले की मागे वळलेल्या, सुरीसारख्या दातांनी भरलेला जबडा डोळ्यांसमोर येतो. या समजास छेद देणारा एक लहान डायनासोर मादागास्करच्या वायव्य भागातील मेव्हारानो शैलसमूहात आढळला. स्कॉट सॅम्प्सन, मॅथ्यू कॅरानो व कॅथरीन फॉर्स्टर यांनी २००१ मध्ये त्याचे ‘मसियाकासॉरस नॉफ्लेरी’ असे नामकरण केले. मालागासी भाषेत ‘मसियाका’ म्हणजे क्रूर. ‘नॉफ्लेरी’ हे नाव उत्खननकाळात ज्यांचे संगीत ऐकले जाई त्या मार्क नॉफ्लर यांच्यावरून पडले. सुमारे ७ कोटी वर्षांपूर्वीच्या या प्राण्याची लांबी अंदाजे २ मीटर होती. प्रस्तुत लेखात त्याच्या दातांवरून आहाराविषयी काय सांगता येते, याचा विचार केला आहे.

दंतरचना :
या प्राण्याच्या खालच्या जबड्यातील पहिला दात जवळजवळ आडवा, पुढे झुकलेला आहे. त्यामागील दात क्रमाने उभे होत जातात. पुढचे दात लांबट, शंकूसारखे असून त्यांची टोके आकड्याप्रमाणे वळलेली आहेत. मागचे दात मात्र चपटे, करवती कडांचे, म्हणजे इतर मांसाहारी डायनासोरांसारखेच आहेत. वरच्या जबड्याचे पुढचे दातही पुढे झुकलेले होते, हे २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून स्पष्ट झाले.

आहारविषयक अनुमान :
पुढे आलेले दात मोठ्या सावजाचे लचके तोडण्यास सोयीचे नाहीत. लहान भक्ष्य टोचून पकडण्यास ते उपयुक्त ठरतात. पकडलेले भक्ष्य मागच्या दातांनी कापले जात असावे. त्यामुळे मासे, कीटक, सरडे व लहान सस्तन प्राणी हे त्याचे संभाव्य खाद्य मानले जाते. त्याच प्रदेशात माजुंगासॉरस हा बराच मोठा शिकारी वावरत होता. म्हणून लहान भक्ष्यावर भर दिल्याने या दोहोंतील स्पर्धा टळली असावी.

भारतीय संदर्भ :
मसियाकासॉरस ज्या नोआसॉरिड कुळातील आहे, त्याच कुळात जबलपूरच्या लमेटा थरांतून १९३३ मध्ये वर्णिलेल्या लेव्हिसुकसचा समावेश केला जातो. भारत व मादागास्कर पूर्वी जोडलेले होते व सुमारे ८.८ कोटी वर्षांपूर्वी विलग झाले, ही बाब येथे लक्षात घ्यावयास हवी. चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुरा येथील लमेटा थरांतील अश्मीभूत विष्ठेत गवताचे सूक्ष्म अवशेष आढळल्याचे २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. ते प्रत्यक्ष भक्षणाचे पुरावे होत.

निष्कर्ष :
दात हे साधन आहे, भोजन नव्हे. दातांवरून प्राणी काय खाऊ शकत होता हे कळते. त्याने काय खाल्ले हे विष्ठा किंवा पोटातील अवशेषच सांगतात. शक्यता व पुरावा यांतील हा भेद केवळ जीवाश्मशास्त्रातच नव्हे, तर प्रत्येक विद्याशाखेच्या अध्यापनात विद्यार्थ्यांसमोर स्पष्टपणे मांडला जाणे आवश्यक आहे.