आघाताचा पाना : त्याचा उपयोग व मर्यादा

यंत्रे माणसाचे बळ वाढवितात, ही गोष्ट पदार्थविज्ञानाच्या आरंभीच्या धड्यांतच आपण शिकतो. परंतु वाढलेले बळ कोठे थांबवावयाचे, हे यंत्रास कळत नाही. ते वापरणाऱ्यासच कळावे लागते. हल्ली पुष्कळ घरांत चारचाकी गाडी अथवा स्कूटर असते, आणि तिची किरकोळ निगा घरच्या घरी राखण्याची हौस आमच्या वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांत दिसून येते. ही हौस स्तुत्य होय. तिच्यापायी ज्या एका हत्याराचा हट्ट पालकांपाशी धरला जातो, ते म्हणजे बॅटरीवर चालणारा इम्पॅक्ट रेंच, अर्थात आघाताचा पाना. गॅरेजमधील कारागीर त्यास नुसते ‘गन’ म्हणतात. त्याचा उपयोग कोणता व मर्यादा कोणती, ह्याचा विचार येथे करण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम साधा पाना घेऊ. नटास मिळणारा जोर दोन गोष्टींवर अवलंबून असतो : दांड्याच्या टोकावरील भार व दांड्याची लांबी. ह्या दोहोंच्या गुणाकारास पीळ किंवा टॉर्क म्हणतात व तो न्यूटन-मीटरमध्ये मोजतात. दांडा 25 सेंटिमीटर लांब आहे व त्यावर 40 किलोग्रॅम वजनाइतका भार दिला, असे समजा. हा भार सुमारे 392 न्यूटन भरतो, त्यास 0.25 ने गुणिले असता 98 न्यूटन-मीटर पीळ येतो. लहान गाड्यांच्या चाकांच्या नटांस बहुधा 80 ते 120 न्यूटन-मीटर पीळ सांगितलेला असतो. म्हणजे हे काम मुळात मनुष्याच्या हाताच्या आवाक्यातीलच आहे.

मग अडचण कोठे येते? ती येते नट काढताना. कोकणातील खारी हवा व पावसाळ्यातील चिखलपाणी ह्यांनी आटे गंजतात आणि नट जागीच धरून बसतो. कित्येकदा तो पूर्वीच्या कारागिराने बेसुमार आवळलेला असतो. अशा वेळी दांड्यावर उभे राहिले तरी नट हलत नाही, आणि पाना निसटला तर गुडघा फुटतो. येथेच आघाताचा पाना उपयोगी पडतो.

त्याच्या पोटात एक विजेची मोटर असून तिच्यापुढे घण व ऐरण असे दोन पोलादी भाग असतात. नट सैलपणे फिरत असेपर्यंत हे दोन्ही भाग बरोबर फिरतात. नट अडला की ऐरण थांबते. मोटर मात्र थांबत नाही. त्यामुळे घण तिरप्या खाचेतील गोळ्यांवरून मागे सरकतो, मागची स्प्रिंग दाबतो आणि ऐरणीच्या दातांपासून सुटतो. सुटताच दबलेली स्प्रिंग त्यास पुढे लोटते व तो वेगाने फिरून ऐरणीवर आदळतो. हा क्रम मिनिटास दोन-तीन हजार वेळा चालतो. अंगठ्याने कितीही दाबला तरी खिळा लाकडात शिरत नाही, पण हातोडीच्या चार घावांनी शिरतो. त्यातलाच हा प्रकार होय.

एक शंका चौकस विद्यार्थ्यास येईल. न्यूटनच्या तिसऱ्या नियमाप्रमाणे नटावर एवढा पीळ बसत असता उलटा पीळ मनगटावर का बसत नाही? उत्तर असे की, घावाची प्रतिक्रिया फिरत्या घणावर होते व तीत त्याचा वेग खर्ची पडतो. हातास सहन करावयाचा असतो तो केवळ घणास पुन्हा गती देणाऱ्या मोटरचा लहानसा पीळ. अंतराळात ह्या प्रश्नास विशेष महत्त्व आहे. कारण तेथे अधांतरी असलेला मनुष्य साध्या यंत्राने बोल्ट फिरवू गेला, तर बोल्टाऐवजी तोच फिरू लागेल! म्हणून 1960 नंतरच्या दशकात अमेरिकेच्या जेमिनी मोहिमांसाठी ब्लॅक अँड डेकर कंपनीने, उलटा पीळ न देणारा असा बिनवायरचा पाना मुद्दाम तयार केला होता.

बॅटरीविषयी दोन शब्द. आजच्या पान्यांत लिथियम-आयन घट असतात. ते 1991 साली प्रथम बाजारात आले, आणि त्यांच्या शोधाबद्दल तिघा शास्त्रज्ञांस 2019 चे नोबेल पारितोषिक मिळाले. एका घटाचा दाब साधारणतः 3.6 व्होल्ट, पाच घटांचा मिळून 18 व्होल्ट. पूर्ण भरलेला घट 4.2 व्होल्ट दाखवितो, म्हणजे पाचांचे 21. यास्तव एकावर 18 व दुसऱ्यावर 21 लिहिलेले पाहून दुसरा अधिक बलवान असे समजू नये. दोहोंत तेच पाच घट असू शकतात. बॅटरी उन्हात तापलेल्या बंद गाडीत कधीही ठेवू नये.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. मध्यम प्रतीची गन 300 ते 600 न्यूटन-मीटर पीळ देते. मोठी 1000 हूनही अधिक. नटास हवेत सुमारे 100. काढताना हे आधिक्य वरदान ठरते. बसविताना तेच घातक होते. चाकाचा स्टड ही एक प्रकारची ताठ स्प्रिंगच होय. नट आवळला की स्टड किंचित ताणला जातो व त्या ताणाने चाक दाबून धरले जाते. ताण मर्यादेपलीकडे गेला की स्टड पूर्ववत होत नाही आणि पुढे केव्हातरी तुटतो. शिवाय नट कमीअधिक आवळले गेल्यास ब्रेकची तबकडी वाकडी होण्याचा संभव असतो. उलटपक्षी नट सैल राहिले तर चाक हलत राहून आटे खाते व शेवटी निखळते. गनने किती पीळ दिला हे तिच्या आवाजावरून कळत नाही. तो बॅटरीच्या भरतीवर, गंजावर आणि बोट किती क्षण दाबले ह्यावर अवलंबून असतो.

आमच्या परिचयाच्या एका गृहस्थांची गाडी घाटात रात्री पंक्चर झाली. स्टेपनी होती, जॅक होता, पानाही होता. परंतु पंक्चरवाल्याने नट गनने असे आवळले होते की एकही ढळेना. बायकामुलांसह त्यांस दोन तास रस्त्याच्या कडेस, अंधारात बसून राहावे लागले. नट घट्ट होते हे खरे, पण ते योग्य नव्हते.

ह्यास्तव पद्धत अशी असावी. गाडी सपाट जागी उभी करून हातब्रेक लावावा व दुसऱ्या चाकाखाली उटी द्यावी. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरू नये. भक्कम स्टँड लावावा. गनसाठी काळ्या रंगाच्या, आघात सोसणाऱ्या गोट्याच वापराव्या. नेहमीच्या चकचकीत गोट्या घावाने फुटून त्यांचे तुकडे उडू शकतात. डोळ्यांस चष्मा व कानांस बोळे अवश्य असावेत. नट गनने काढावेत. बसविताना मात्र प्रत्येक नट प्रथम बोटांनी दोन-तीन फेरे फिरवावा, म्हणजे आटे चुकत नाहीत. मग समोरासमोरचे नट आळीपाळीने आवळीत जावे, गाडी खाली उतरवावी, आणि शेवटचा पीळ टॉर्क रेंचने द्यावा. ठरविलेला पीळ येताच हा पाना ‘टक्’ असा आवाज करितो, तेथे थांबावे. आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. पन्नास-शंभर किलोमीटर गाडी चालल्यावर नट पुन्हा तपासावेत. आट्यांस तेल लावू नये. घर्षण घटल्याने तेवढ्याच पिळात स्टड अधिक ताणला जातो. स्पार्क प्लग अथवा इंजिन-ऑइलचा नट ह्यांस तर गन लावूच नये. तेथील अॅल्युमिनिअमचे आटे पाहता पाहता जातात.

पालकांस आमची एकच विनंती आहे. मुलाने गन मागितली, तर त्याच्या हाती आधी टॉर्क रेंच द्यावा. त्याने नट किती आवळावयाचा हे हातास उमजले, म्हणजे गन खुशाल आणावी. विद्यार्थिमित्रांनो, ज्या चाकाचे नट तुम्ही आवळाल, त्यावर विसंबून तुमची आई व धाकटी भावंडे प्रवासास निघणार आहेत. तेव्हा तो ‘टक्’ ऐकल्यावाचून हात आवरू नका, आणि ऐकल्यावर पुढे रेटू नका.