झाडाच्या डांबराचं म्हातारपण



नेदरलँड्समध्ये राहणाऱ्यांना इथल्या रस्त्यांचं आणि सायकलवाटांचं कौतुक नव्याने सांगायला नको. पण यातल्या काही रस्त्यांच्या डांबरात चक्क झाडाचा अंश आहे, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे? २०१५ साली झेलंड प्रांतातल्या स्लाउस्किल इथे असा पहिला छोटा तुकडा तयार झाला. २०१७ मध्ये वाखनिंगन विद्यापीठाच्या परिसरात अशी सायकलवाट झाली आणि त्यानंतर देशात इतर ठिकाणीही चाचणीचे तुकडे टाकले गेले. नवा रस्ता गुळगुळीत असतोच. खरा प्रश्न आहे तो हा रस्ता म्हातारा कसा होतो याचा.

आधी साध्या डांबराविषयी

डांबरी रस्त्यात वजनाने जवळजवळ सगळी खडी आणि वाळूच असते, डांबर असतं फक्त पाच टक्क्यांच्या आसपास. पण खडीला धरून ठेवण्याचं काम तेच करतं. हे डांबर म्हणजे खनिज तेल शुद्ध करताना तळाशी उरणारा गाळ. त्याचा मुख्य शत्रू हवेतला ऑक्सिजन. एकाच तेलात पुन्हा पुन्हा भजी तळली की तेल काळं आणि दाट होतं, तसंच डांबराचं होतं. खडीत मिसळताना ते दीडशे अंशांच्या वर तापतं, तेव्हा पहिला फटका बसतो. पुढे वर्षानुवर्षं ऊन आणि हवा खाऊन ते कडक आणि ठिसूळ होत जातं. मग थंडीत रस्त्याला भेगा पडतात आणि खडी सुटायला लागते.

इथे हा प्रश्न जास्तच मोठा आहे. पावसाचं पाणी चटकन मुरावं आणि गाड्यांचा आवाज कमी व्हावा, म्हणून इथल्या बहुतेक मोटरवेंवर ‘झोआब’ नावाचं सच्छिद्र डांबर वापरतात. त्यात सुमारे वीस टक्के पोकळी असते. म्हणजे पाण्याबरोबर हवाही आत खोलवर शिरते आणि डांबर लवकर म्हातारं होतं. कडक हिवाळ्यानंतर रस्त्याच्या कडेला सुटी खडी दिसते ती यामुळेच.

लाकडातला गोंद

झाडाच्या तंतूंना एकत्र धरून ठेवणारा नैसर्गिक गोंद म्हणजे लिग्निन. कागदाच्या कारखान्यात लाकडाचा लगदा करताना तो वेगळा निघतो आणि बहुतेक वेळा भट्टीत जाळला जातो. डच संशोधकांनी डांबराच्या अर्ध्यापर्यंत भाग काढून त्याजागी लिग्निन घालून पाहिलं. त्यामुळे खनिज तेल वाचतं आणि झाडाने हवेतून घेतलेला कार्बन धूर होण्याऐवजी रस्त्यात अडकून राहतो.

म्हातारपणाच्या बाबतीत लिग्निनच्या दोन बाजू आहेत. त्याच्या रेणूत फिनॉल गट असतात आणि असे गट ऑक्सिजनचा हल्ला थोपवू शकतात. ही झाली जमेची बाजू. पण लिग्निन डांबरात पुरतं विरघळत नाही, त्याचे बारीक कण तसेच राहतात आणि मिश्रण पहिल्यापासूनच कडक होतं. उन्हाळ्यात चाकोऱ्या पडू नयेत म्हणून हे चांगलं, पण थंडीत भेगांचा धोका वाढतो. म्हणून सोबत मऊ जातीचं डांबर किंवा वनस्पती तेल वापरावं लागतं. शिवाय सगळं लिग्निन एकसारखं नसतं. काही प्रकार पाण्यात विरघळतात, आणि असा प्रकार पावसाळी देशातल्या रस्त्यात घालून कसं चालेल?

वनस्पतीपासून मिळणारे इतर पदार्थ आणखी वेगळे वागतात. लाकूड किंवा पेंढा हवेशिवाय तापवून जे तेल काढतात, त्यात मुळातच ऑक्सिजन आणि पाणी भरपूर असतं. नीट प्रक्रिया केली नाही तर ते साध्या डांबरापेक्षा लवकर कडक होतं. सोयाबीनसारखी तेलं मात्र जुन्या डांबराला पुन्हा मऊ करतात. पण तेलही हवेत सुकतंच. जवसाचं तेल रंगात का वापरतात, ते आठवून पाहा!

प्रयोगशाळेचं घड्याळ

पंधरा वर्षं थांबायला कुणालाच वेळ नसतो, म्हणून डांबराला कृत्रिम म्हातारपण आणतात. आधी १६३ अंशांवर सव्वा तास पातळ थरात फिरवतात. मग साधारण १०० अंशांवर, हवेच्या नेहमीच्या दाबाच्या वीसपट दाबाखाली २० तास ठेवतात. हे रस्त्यावरच्या ढोबळमानाने पाच ते दहा वर्षांइतकं धरतात. मेख अशी, की हा हिशेब खनिज डांबराच्या अनुभवावर बसवलेला आहे. झाडाच्या पदार्थाला तो जसाच्या तसा लागू पडेलच असं नाही. म्हणून प्रयोगशाळेत उत्तीर्ण झालेलं मिश्रणही खऱ्या रस्त्यावर, खऱ्या ट्रकखाली तपासावंच लागतं. सायकलवाट टिकली म्हणून मोटरवे टिकेल, असं म्हणता येत नाही.

आपल्याकडेही सुरुवात

डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरजवळ मनसर इथे राष्ट्रीय महामार्ग ४४ वर लिग्निन मिसळलेल्या डांबराचा तुकडा खुला झाला. त्यामागचं तंत्र पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजचं आहे. पिकांच्या अवशेषांपासून इथेनॉल करताना लिग्निन उरतं, त्याला असा उपयोग सापडला तर चांगलंच. पण नागपूरचा मे महिना आणि डच जानेवारी यांत जमीन-अस्मानाचा फरक. तिथल्या रस्त्याची परीक्षा चाकोऱ्या आणि उन्हाने होणार, इथल्याची दहिवर आणि सुट्या खडीने. एकीकडचा निकाल दुसरीकडे जसाच्या तसा चालणार नाही.

मग ‘हिरवा’ रस्ता कुठला?

साधा हिशेब करून पाहू. एखादा रस्ता बांधताना कार्बन वाचला, पण तो पंधराऐवजी आठच वर्षं टिकला, तर पुन्हा खणा, पुन्हा खडी आणा, पुन्हा तापवा. झालेली बचत सगळी धुऊन जाते. आणखी एक गोष्ट. इथे जुना रस्ता उखडून तेच डांबर नव्या रस्त्यात मोठ्या प्रमाणात वापरतात. म्हणजे लिग्निनचं मिश्रण एकदा म्हातारं झाल्यावर पुन्हा उपयोगी पडलं पाहिजे.

२०१५ पासून मोजलं तरी डच रस्त्यांवरचा अनुभव जेमतेम दहा-अकरा वर्षांचा, म्हणजे एका रस्त्याच्या आयुष्याएवढाही नाही. त्यामुळे मंडळी, कुणी झाडाच्या डांबराचं कौतुक केलं तर त्यात किती टक्के झाड आहे ते जरूर विचारा. पण त्याआधी विचारा, रस्ता किती वर्षांचा आहे आणि त्याची खडी अजून जागेवर आहे ना?