खुंटा, गादी आणि कवटी

गाझी याशारगिल 10 जून 2025 रोजी गेले. शंभरी पुरी व्हायला महिनासुद्धा उरला नव्हता. तुर्कस्तानात जन्मलेले आणि झुरिचमध्ये नावारूपाला आलेले हे सर्जन चाळिशीत पोचल्यावर पुन्हा विद्यार्थी झाले. अमेरिकेतल्या बर्लिंग्टन गावी डोनाघी यांच्या प्रयोगशाळेत बसून प्राण्यांच्या बारीक रक्तवाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली शिवायला शिकले. 1967 साली झुरिचमध्ये त्यांनी कवटीबाहेरची धमनी मेंदूवरच्या धमनीला जोडून दाखवली. श्रेय बहुधा सूक्ष्मदर्शकाला दिले जाते. पण ते यंत्र पुढे सगळ्यांनीच विकत घेतले. याशारगिल यांचे वेगळेपण त्याखाली काय पाहायचे हे ठरवण्यात होते. मेंदूभोवतीच्या पाण्याच्या कप्प्यांमधून वाट काढायची आणि मेंदूला न दुखवता खोल उतरायचे, हा त्यांचा धडा. ही वाट विच्छेदनगृहात हाताने चाचपल्याशिवाय कळत नाही.

मेंदू आणि मणक्यांच्या संशोधनावर अलीकडे जे काही लिहिले जाते, त्यात रोबो आणि कृत्रिम बुद्धिमत्ता यांची आरती असते. प्रस्तुत लेखकाचा रोबोंशी दावा नाही. पण या शास्त्रातल्या मोठ्या उड्या कशाच्या जोरावर मारल्या गेल्या हे पाहिले, तर दोनच गोष्टी पुन्हा पुन्हा भेटतात: नीट केलेले शवविच्छेदन आणि नीट नोंदलेला एखादा विलक्षण रुग्ण.

स्वित्झर्लंडमधल्या बाझेलचे योझेफ क्लिंगलर यांचे उदाहरण पाहा. फॉर्मेलिनमध्ये मुरलेला मेंदू गोठवला की आतल्या पाण्याचे बर्फ होऊन फुगते आणि तंतूंचे जुडगे एकमेकांपासून सुटतात. मग लाकडाच्या पातळ पट्टीने ते थराथराने सोलता येतात. ही युक्ती त्यांनी 1935 साली प्रसिद्ध केली आणि पुढे कित्येक वर्षे तिच्याकडे फारसे कुणी वळले नाही. आज एमआरआयच्या पडद्यावर मेंदूतल्या तंतूंची निळी-हिरवी चित्रे झळकतात. ती गणिताने काढलेली असतात, आणि खरी की भासाची हे तपासायला शेवटी क्लिंगलरची लाकडी पट्टीच हाती घ्यावी लागते. फ्लोरिडातल्या गेन्सव्हिलचे आल्बर्ट ऱ्होटन यांनी धमन्यांत लाल आणि शिरांत निळे रबर भरून कवटीचा कोपरा न् कोपरा चित्रित केला. त्यांच्या नावाची नाजूक हत्यारे आजही जगभरच्या ऑपरेशन थिएटरांत असतात. ती वापरणाऱ्यांपैकी किती जण त्यांची पुस्तके उघडतात, हा प्रश्न न विचारलेला बरा.

इथे कुणीतरी सुश्रुताचे नाव घेणारच. घ्यावे. प्रेत गवतात गुंडाळून, पिंजऱ्यात घालून वाहत्या पाण्यात ठेवायचे आणि सात रात्रींनी कुंचल्याने थर खरवडत आत पाहायचे, असे सुश्रुतसंहिता सांगते. मात्र जे लोक मोबाइलवर हा अभिमान पुढे ढकलत असतात, त्यांनी घरातल्या कुणाच्या देहदानाचा अर्ज भरला आहे का, हेही विचारावे.

दुर्मिळ रुग्णांचे म्हणाल, तर त्यात एच. एम. या आद्याक्षरांनी ओळखला जाणारा माणूस सर्वांत प्रसिद्ध. अपस्माराच्या झटक्यांवर उपाय म्हणून 1953 साली स्कोव्हिल यांनी त्याच्या मेंदूचा दोन्ही बाजूंचा कानशिलामागचा आतला भाग काढला. झटके कमी झाले, पण सत्ताविसाव्या वर्षापासून नवी आठवण साठवणे त्याला जमेनासे झाले. 1957 चा स्कोव्हिल आणि ब्रेंडा मिल्नर यांचा निबंध म्हणजे स्मृतिशास्त्राचा पायाच. 2008 मध्ये तो वारल्यावर सॅन दिएगोत त्याच्या मेंदूचे 2401 पातळ काप करण्यात आले. तेव्हा पक्के झाले की काढून टाकला असे मानलेल्या हिप्पोकॅम्पसचा, म्हणजे स्मृतीशी निगडित आतल्या भागाचा, बराच अंश जागेवरच होता. पाठ्यपुस्तकांत छापलेली मापे आधी एमआरआयने आणि मग त्या एका मेंदूच्या कापांनी दुरुस्त केली.

पॅरिसमधल्या एका शिंप्याला जवळजवळ मानच नव्हती. मानेचे मणके एकमेकांना चिकटलेले होते. त्याच्यावर क्लिपेल आणि फाइल यांनी 1912 साली लिहिले आणि एका व्याधीला दोघांचे नाव मिळाले. 1978 साली सोरेनसन यांनी धनुर्विद्येचा सराव करताना पक्षाघात झालेला रुग्ण नोंदवला. मान वळवताच मणक्यांतून मेंदूकडे जाणारी धमनी दाबली जात होती. असे लेख आज पाठवले, तर बहुतेक नियतकालिके ‘एकच रुग्ण’ म्हणून परत करतील. एका रुग्णाच्या लेखाला संदर्भ कमी मिळतात आणि नियतकालिकाचा गुणांक घसरतो, एवढेच त्यामागचे शास्त्र.

आता मानेकडे. हा प्रस्तुत लेखकाचा आवडता विषय आहे, वाचकांनी सांभाळून घ्यावे.

मानेचा पहिला मणका अ‍ॅटलस, दुसरा अ‍ॅक्सिस. दुसऱ्यातून दातासारखे हाड वर येते आणि जात्याच्या खुंट्याभोवती वरची तळी फिरावी, तसा पहिला मणका त्याभोवती फिरतो. मान डावी-उजवीकडे जितकी वळते, त्यातली सुमारे निम्मी हालचाल एकट्या या सांध्यात होते. इतर मणक्यांमध्ये असते तशी गादी इथे नाही. सांध्याची पृष्ठे जवळजवळ सपाट. मेंदूला रक्त पुरवणारी धमनी याच्या खालून वळून, वरून वळसा घालत कवटीत शिरते. एवढी मोकळीक जिथे, तिथे डळमळीतपणाची भीतीही तेवढीच. हा सांधा सुटला तर मज्जारज्जू दाबला जातो. हातापायांतली ताकद जाते, कधी श्वासच अडतो.

1939 साली गॅली यांनी तारेने बांधण्याची पद्धत दिली. पुढे स्वित्झर्लंडच्या मागर्ल यांनी सांध्यातून आरपार लांब स्क्रू घातले, पण धमनीची वाट आडवी आली की हात आखडता घ्यावा लागे. परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. अतुल गोयल यांनी वेगळा विचार केला. सांध्याला वळसा घालण्याऐवजी तो उघडलाच तर? त्यासाठी मानेच्या दुसऱ्या मज्जातंतूची गाठ कापावी लागते. भोवतीच्या शिरांच्या जाळ्यातून भळाभळा रक्त येते, ते थोपवावे लागते. मग सांध्याची कूर्चा खरवडून हाडाचे तुकडे भरायचे आणि दोन्ही मणक्यांत वेगवेगळे स्क्रू घालून पट्टीने जोडायचे. गोयल आणि लाहेरी यांचा निबंध 1994 साली युरोपातल्या नियतकालिकात आला. 2002 मध्ये, 1988 पासूनच्या 160 रुग्णांचा आढावा प्रसिद्ध झाला. दरम्यान 2001 साली जर्मनीच्या हार्म्स यांनी पट्टीऐवजी दांडी वापरून तीच वाट धरली आणि काही काळ जगात हार्म्सचेच नाव चालले. आता ‘गोयल-हार्म्स’ म्हणतात. परळचे नाव आधी आले, हेही नसे थोडके.

खुंटा कवटीत घुसतो त्या व्याधीचे रुग्ण आपल्या उपखंडात तुलनेने बरेच. पूर्वी तोंडातून जाऊन तो खुंटा कापून काढत. 2004 साली गोयल यांनी दाखवले की बऱ्याच रुग्णांत सांधा उघडून, त्यात पाचर बसवून खुंटा खाली ओढता येतो. काही कापून काढण्याची गरजच नाही. मणके पक्के जुळले आहेत असे धरून बसलेल्यांना हा धक्का होता.

खरा वाद चिअरीच्या व्याधीवरून. प्रागमध्ये हान्स चिअरी यांनी 1891 साली वर्णिलेल्या या विकारात लहान मेंदूचा खालचा भाग कवटीच्या भोकातून उतरतो. प्रचलित उपाय म्हणजे ते भोक मोठे करणे. गोयल यांनी 2015 साली 65 रुग्णांच्या आधारे मांडले की मूळ दोष अ‍ॅटलस-अ‍ॅक्सिसच्या अस्थिरतेत आहे. ती उतरण शरीराने केलेली तजवीज आहे, म्हणून सांधा जोडा आणि भोकाला हात लावू नका. विरोधक म्हणतात, नेहमीच्या क्ष-किरण चित्रांत अस्थिरता दिसत नाही, आणि सांधा जोडला की मानेची निम्मी वळण्याची शक्ती जाते. हा दुसरा मुद्दा खरा आहे. पहिल्याबद्दल मात्र विचारावेसे वाटते, की सांधा आतून उघडून न पाहता तो पक्का आहे हे ठरवले कुणी? प्रस्तुत लेखक परळच्या बाजूचा, तरी चिअरीच्या प्रत्येक रुग्णाला स्क्रू घालावेत इथवर जायला तो तयार नाही. समोरासमोर तुलना करणारी चाचणी हवी, ही मागणी रास्त आहे. ती करणाऱ्यांनी स्वतःच ती हाती घ्यावी, इतकेच.

म्हातारपणीच्या मणक्यांची कथा लांबलचक आहे, ती आवरती घेऊ. 1934 साली मिक्स्टर आणि बार यांनी सरकलेल्या गादीचा नसांवरचा दाब दाखवला आणि तेव्हापासून सगळे खापर गादीवर फुटू लागले. ‘मणक्यात गॅप आहे’ हे वाक्य घेऊन घरोघरी ज्येष्ठ मंडळी पट्टा लावून बसली. 2015 साली तीन हजारांवर निरोगी, काहीही दुखत नसलेल्या लोकांच्या चित्रांचा एकत्रित आढावा आला. विशीतल्या 37 टक्क्यांच्या आणि ऐंशीतल्या 96 टक्क्यांच्या गाद्या झिजलेल्या निघाल्या. म्हणजे पांढऱ्या केसांइतकीच ही बाब नेहमीची. रिपोर्ट वाचून ऑपरेशन ठरवणाऱ्यांनी हा आढावा दवाखान्याच्या भिंतीवर लावावा.

गोयल यांची 2010 ची मांडणी इथेही उलटी आहे. उभे राहणाऱ्या प्राण्याचे स्नायू थकतात, पाठीमागचे छोटे सांधे एकमेकांवर सरकतात, आणि गादीची झीज, अस्थिबंधांच्या घड्या, अरुंद होणारी नळी हे सगळे त्यानंतरचे. म्हणून हाड कापून जागा करण्याऐवजी सांधा स्थिर करा. यालाही कडवा विरोध आहे. पण निदान प्रश्न तरी सांध्यापाशी आला.

वयस्क मेंदूबद्दल थोडक्यात. मेंदू आक्रसतो, कवटीशी जोडणाऱ्या शिरा ताणल्या जातात. न्हाणीघरात डोके किरकोळ आपटते, शीर फुटून मेंदूच्या आवरणाखाली हळूहळू रक्त साचते आणि काही आठवड्यांनी आजोबांचा पाय लटपटतो. साचलेले रक्त भोक पाडून काढतात. केंब्रिजच्या 2009 च्या चाचणीत आत नळी ठेवल्यावर पुन्हा रक्त साचण्याचे प्रमाण 24 वरून 9.3 टक्क्यांवर आले. एका साध्या नळीचा हा पराक्रम. 2024 मध्ये त्या आवरणाला रक्त पुरवणारी धमनी आतून बंद करण्याच्या चाचण्या प्रसिद्ध झाल्या. 1857 साली फिर्खो यांनी दोष आवरणाच्या दाहात आहे असे म्हटले होते, त्याकडे लोक आता नव्याने वळले आहेत.

या सगळ्याचा पाया विच्छेदनगृह, आणि तिथे आपल्याकडे कात्री लागली ती केव्हाच. 1997 च्या नियमांनी एमबीबीएसचा शरीररचनेचा पहिला टप्पा दीड वर्षावरून एका वर्षावर आणला. महाविद्यालये वाढत गेली, देह त्या मानाने वाढले नाहीत. दधीचीचे नाव घेऊन देहदानाचे काम करणारी मंडळी मराठी मुलखात आहेत, मुंबई प्रांतातला शरीररचना कायदा 1949 पासूनचा आहे. तरी एका टेबलाभोवती मुलांची गर्दी असते, आणि मागच्या रांगेतल्याला मान दिसते ती पुढच्याची. मग सर्जन झाल्यावर हीच मुले शनिवार-रविवारच्या कार्यशाळांत पैसे भरून तोच सांधा पाहायला जातात. अनेकदा स्क्रू विकणाऱ्या कंपनीच्या खर्चाने.

एक काम मात्र इथेच, आपल्याच मुंबईत होऊ शकते. 1988 नंतर ज्यांच्या मानेचा वरचा सांधा जोडला, त्यांतले तेव्हाचे तरुण आता पन्नाशी-साठीत आले असतील. निम्मे वळण गेलेल्या त्या मानेच्या खालच्या मणक्यांनी ही वर्षे कशी काढली, ते इतरांपेक्षा लवकर झिजले की नाही, हे त्यांना शोधून, बोलावून, तपासून कळेल. चिअरीवरच्या वादातल्या विरोधकांच्या सर्वांत वजनदार मुद्द्याचे उत्तर त्याच रुग्णांच्या मानेत आहे.