अणुविद्युत् व तापी खोरे

अणूच्या केंद्राचे भंजन होत असताना (म्हणजे जड अणुकेंद्र फुटून त्याचे दोन मध्यम आकाराचे तुकडे होत असताना) मुक्त होणाऱ्या उष्णतेपासून जी वीज निर्माण केली जाते, तीस अणुविद्युत् म्हणतात. मध्य प्रदेशात मुलताईजवळ उगम पावणारी तापी नदी जळगाव, धुळे व नंदुरबार या खानदेशातील जिल्ह्यांतून गुजरातेत जाते. या एकाच नदीच्या खोऱ्यात भुसावळनजीकचे दीपनगर येथील कोळशावर चालणारे औष्णिक केंद्र आणि गुजरातमधील काक्रापार येथील अणुविद्युत् केंद्र अशी दोन्ही प्रकारची केंद्रे आहेत. त्यामुळे अणुविद्युतेचे लाभ व दोष यांची तुलना करण्यास हे खोरे सोयीचे आहे.

तत्त्व : युरेनियम २३५ या समस्थानिकाच्या अणुकेंद्रावर न्यूट्रॉन आदळला, तर ते केंद्र फुटते. त्यातून दोन-तीन नवे न्यूट्रॉन व सु. २० कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा बाहेर पडते. कार्बनाचा एक अणू जळताना मिळणारी ऊर्जा फक्त सु. ४ इलेक्ट्रॉन-व्होल्ट असते. नव्या न्यूट्रॉनांपैकी सरासरी एकाने पुन्हा भंजन घडवून आणले, तर ही विक्रिया साखळीप्रमाणे एकसारख्या गतीने चालू राहते. तथापि निसर्गात मिळणाऱ्या युरेनियमात या समस्थानिकाचे प्रमाण केवळ ०·७ टक्के असते. शिवाय भंजनातून निघालेले न्यूट्रॉन अतिवेगवान असून त्यांचा वेग कमी केल्याखेरीज ते नैसर्गिक युरेनियमात साखळी विक्रिया टिकवू शकत नाहीत. वेग कमी करणाऱ्या पदार्थास मंदायक म्हणतात.

रचना व कार्य : काक्रापार येथील विक्रियकांत नैसर्गिक युरेनियम हे इंधन व जड पाणी हे मंदायक आहे. इंधनाचे जुडगे आडव्या दाबनलिकांत ठेवलेले असून त्यांतून उच्च दाबाखालील जड पाणी फिरविले जाते. हे पाणी इंधनाची उष्णता बाष्पजनित्रातील साध्या पाण्यास देते आणि त्या पाण्याच्या वाफेवर टरबाइन व विद्युत् जनित्र चालते. वाफ थंड करण्यासाठी बाहेरून घेतलेल्या पाण्याचे मंडल याहून वेगळे असते. म्हणजेच नदीचे पाणी इंधनाच्या संपर्कात येत नाही. न्यूट्रॉन शोषून घेणाऱ्या दंडांच्या साहाय्याने विक्रियेचे नियंत्रण करतात.

काक्रापार केंद्र उकाई धरणाच्या खालच्या अंगास आहे. येथील २२० मेवॉ. क्षमतेचे दोन संच १९९३ व १९९५ मध्ये, तर ७०० मेवॉ. क्षमतेचे दोन संच २०२३ व २०२४ मध्ये व्यापारी तत्त्वावर कार्यान्वित झाले. त्यांची एकूण क्षमता १,८४० मेवॉ. आहे. ७०० मेवॉ.चे संच भारतीय बनावटीचे आहेत. ही वीज पश्चिम विभागीय जालकात जात असल्याने तिचा काही वाटा महाराष्ट्रासही मिळतो.

लाभ : अणुविद्युतेचा सर्वांत मोठा लाभ इंधनाच्या अल्प राशीत आहे. दीपनगर येथील ५०० मेवॉ.च्या एका संचास पूर्ण क्षमतेने चालताना दिवसाला सु. सात ते आठ हजार टन कोळसा लागतो व त्यातून दोन हजार टनांहून अधिक राख उरते. तेवढीच वीज जड पाण्याच्या विक्रियकात निर्माण करण्यास सु. पाव टन नैसर्गिक युरेनियम पुरते. कोळशाच्या आगगाड्या, राखेचे तलाव आणि धुराड्यातून निघणारे गंधकाचे व कार्बनाचे वायू या सर्वांची येथे गरज किंवा उपद्रव उरत नाही. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात पवनचक्क्या व सौर केंद्र आहे. परंतु तेथील निर्मिती वारा व ऊन यांवर अवलंबून असते. अणुविद्युत् केंद्र मात्र रात्रंदिवस एकसारखी वीज देऊ शकते.

दोष व धोके : विक्रियक बंद केल्यावर साखळी विक्रिया थांबते, पण उष्णता थांबत नाही. भंजनातून तयार झालेल्या किरणोत्सर्गी द्रव्यांच्या क्षयामुळे प्रारंभी पूर्ण शक्तीच्या सु. ६ टक्के उष्णता निर्माण होतच राहते. ती हळूहळू कमी होत असली, तरी दीर्घकाळ शीतन चालू ठेवावे लागते. जपानमधील फुकुशिमा येथे २०११ मध्ये त्सुनामीमुळे शीतनासाठी लागणारी वीज खंडित झाली व इंधन वितळले. काक्रापार येथेही जून १९९४ मधील अतिवृष्टीत पुराचे पाणी टरबाइन इमारतीच्या तळघरात शिरले होते. सुदैवाने त्या वेळी पहिला संच बंद होता व दुसरा सुरू व्हावयाचा होता. ११ मार्च २०१६ रोजी पहिल्या संचातील एका दाबनलिकेतून जड पाण्याची गळती होऊन तो संच बंद पडला. दाबनलिका बदलल्यानंतर २०१९ मध्ये तो पुन्हा सुरू झाला.

वापरलेले इंधन ही दुसरी अडचण होय. त्यातील आयोडीन १३१ याचा अर्धायुकाल ८ दिवस व सिझियम १३७ याचा सु. ३० वर्षे आहे, तर प्लुटोनियम २३९ याचा सु. २४,००० वर्षे आहे. असे इंधन प्रथम अनेक वर्षे पाण्याच्या टाक्यांत ठेवतात. भारतात त्यावर पुन्हा प्रक्रिया करून प्लुटोनियम वेगळे काढतात व उरलेली तीव्र किरणोत्सर्गी द्रव्ये काचेत बंदिस्त करतात. यामुळे अपशिष्टाचे आकारमान घटते, मात्र ते सांभाळण्याची जबाबदारी पुढील पिढ्यांवर राहतेच. केंद्राच्या उभारणीस लागणारे मोठे भांडवल व दीर्घ काळ हेही दोष आहेत. देशातील एकूण वीजनिर्मितीत अणुविद्युतेचा वाटा अद्याप सु. ३ टक्केच आहे.

पाण्याचा प्रश्न : या प्रकारच्या विक्रियकातील वाफेचे तापमान सु. २५०° से. असते, तर कोळशाच्या केंद्रात ते ५००° से.हून अधिक असते. परिणामी अणुविद्युत् केंद्राची कार्यक्षमता कमी असून सु. ७० टक्के उष्णता वाया जाते. तितक्याच विजेसाठी ते कोळशाच्या केंद्रापेक्षा अधिक पाणी तापविते. म्हणूनच महाराष्ट्रातील तारापूरचे केंद्र समुद्रकाठी आहे व जैतापूरसाठीही किनाराच निवडण्यात आला. काक्रापारला उकाईच्या विस्तीर्ण जलाशयाचा आधार आहे. खानदेशात मात्र तापीच्या पाण्यावर केळीच्या बागा, शहरे व दीपनगरचे केंद्र यांचा आधीच भार आहे. त्यामुळे काक्रापारचे सांडपाणी प्रवाहाच्या उलट येथवर येत नसले, तरी पाण्याच्या वाटपाचा प्रश्न संपूर्ण खोऱ्याचा ठरतो.

सारांश, कोळशाचे केंद्र आपला भार राख व धूर यांच्या रूपाने रोज उघडपणे टाकते. अणुविद्युत् केंद्राचा भार अल्प आकारमानाचा, पण दीर्घकाळ टिकणारा व अखंड दक्षतेची अपेक्षा ठेवणारा असतो. त्यामुळे अणुविद्युतेची योग्यता केवळ प्रति एकक खर्चावर न ठरविता ही दक्षता, पाण्याची उपलब्धता व अपशिष्टाची दीर्घकालीन व्यवस्था यांचाही हिशेब मांडून ठरविणे आवश्यक आहे.